कॅसेटला भूत लागलंय का हो दादा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सेकंडहँड घेतलेल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी कधीकधी येड्यासारख्या वागतात, तुमच्याकडं असं काही झालं असेल तर कळवा. वाटलं होतं चार पत्रं येतील, आला ढीग. निम्म्या लोकांना वाटतंय कॅसेट भुताटकीची आहे आणि निम्म्यांना वाटतंय दुकानदारानं गंडवलं. (पुस्तकी शब्द कार्ट्रिज आहे हे मला माहितीये, पण आपण आयुष्यभर कॅसेटच म्हणत आलोय, मी तेच म्हणणार.) सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, जी मजेशीर वाटली ती घेतलीत.

प्रश्न: पुण्याच्या जुन्या बाजारातून टीव्ही गेम आणि मारिओची पिवळी कॅसेट आणली. मुलानं १-२ च्या (म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलच्या) शेवटी काहीतरी उलटी उडी मारून मारिओला भिंतीत घुसवलं, तो पलीकडं गेला, तिथल्या पाईपमधून खाली उतरला तर वर 'वर्ल्ड' लिहिलंय आणि पुढं नुसतं '-१'. सगळीकडं पाणी. शेवटच्या पाईपमधून गेलं की परत पहिल्यापासून तेच. कॅसेट बदलून मागू का? (चिंचवड)

अजिबात मागू नका, उलट मुलाला वडापाव द्या. हे जे झालंय ते १९८५ पासून होतंय आणि जगभरातल्या पोरांनी केलंय, याला 'मायनस वर्ल्ड' म्हणतात. पण गंमत अशी की ते मायनस वन नाहीच्चे. ते वर्ल्ड ३६ आहे.

आता नीट बघा. मारिओमधे वॉर्प झोन असतो, जिथं पाईप असतात आणि पाईपवर आकडा असतो, त्या आकड्याच्या वर्ल्डला जाता येतं. १-२ च्या शेवटी तीन पाईप आहेत, ४, ३, २. आणि ४-२ च्या शेवटी एकच पाईप आहे, मधला, त्यावर ५. आता प्रोग्रॅमरनं तीन-तीन आकड्यांचे गट करून ठेवलेत, मग ४-२ च्या गटात मधे ५ आणि दोन्ही बाजूला काय ठेवायचं, तर रिकामी जागा. गेममधली अक्षरं म्हणजे छोटी छोटी चित्रं, त्यांना नंबर दिलेत, ० ते ९ म्हणजे आकडे, १० ते ३५ म्हणजे इंग्रजी ए पासून झेड, आणि ३६ नंबरचं चित्र कोरं. म्हणून त्या गटात लिहिलंय ३६, ५, ३६.

तुमचा मुलगा भिंतीतून गेला तेव्हा स्क्रीन पुरेशी पुढं सरकलीच नाही, त्यामुळं 'इथं १-२ चा गट वापरायचा' ही खूण गेमला मिळाली नाही, आणि त्यानं ४-२ चा गट उचलला. डाव्या नायतर उजव्या पाईपमधून गेलं की गेम म्हणतो चला वर्ल्ड ३६ ला, आणि वर लिहिताना ३६ नंबरचं चित्र काढतो जे कोरं आहे, म्हणून दिसतं काय तर रिकामी जागा, मग रेघ, मग १. मुलाला सांगा पुढच्या वेळी मधल्या पाईपमधून जा, सरळ ५-१ लागेल. आणि ते पाण्याचं जे आहे ते २-२ आणि ७-२ चंच पाणी आहे, नवीन काही नाही. वेळ संपेपर्यंत पोहत बसायचं.

जपानात हाच गेम डिस्कवर पण आला होता, तिथं मात्र मायनस वर्ल्ड वेगळं आहे, तीन लेव्हल आहेत आणि त्या पार करता येतात, शेवट होतो. आपल्या नशिबात पोहणंच.

प्रश्न: वरच्यासारखंच. माझा एक मित्र जपानला होता, तो म्हणतो तिथं पोरं टीव्ही गेम चालू ठेवून मारिओची कॅसेट ओढून काढायची, टेनिसची घालायची, परत मारिओची घालायची, आणि मारिओचं नववं वर्ल्ड उघडायचं. हा फेकतोय ना? (नाशिक)

नाही हो, खरं बोलतोय बिचारा. आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

फॅमिकॉम म्हणजे निन्टेन्डोचं जपानी मशीन, १९८३ चं, ज्याची नक्कल करून आपल्याकडचे सगळे टीव्ही गेम बनले. त्याच्यात कामाची मेमरी किती, तर २ किलोबाइट. ही मेमरी कॅसेटमधे नसते, मशीनमधे असते. म्हणजे कॅसेट काढली तरी वीज चालू आहे तोवर मेमरीत जे लिहिलंय ते तसंच राहतं. आणि मारिओ रीसेट झाल्यावर आधी बघतो की मेमरीत आपली खूण आहे का. असेल तर तो समजतो मघाशी आपणच चालू होतो, कुणीतरी रीसेट दाबलंय फक्त, मग तो हायस्कोर वगैरे पुसत नाही. टेनिसचा गेम ती खूण पुसत नाही, पण शेजारच्या एका जागेत आपला हिशोब लिहितो. कसला हिशोब, तर खेळाडू कोर्टवर चालतो त्याच्या पावलांचा! आणि नेमकी तीच जागा मारिओ 'कुठल्या वर्ल्डपासून पुढं खेळायचं' यासाठी वापरतो.

मग काय, टेनिसमधे पावलं टाकायची, परत मारिओ घालायचा, रीसेट, आणि ए दाबून धरून स्टार्ट. (गेम ओव्हर झाल्यावर ए धरून स्टार्ट दाबलं की त्याच वर्ल्डपासून चालू होतो, हे तर नेहमीच्या मारिओत पण आहे, आपल्याकडं कित्येकांना आयुष्यभर माहितीच नव्हतं, मला पण नोकरीला लागल्यावर कळलं.) जेवढी पावलं तसं वर्ल्ड. गेममधे खरी आठच वर्ल्ड आहेत, पण आकडा एका बाइटमधे बसतो म्हणून २५६ पर्यंत जाऊ शकतो, आणि आठच्या पुढं गेम भलत्याच जागची माहिती वाचून त्यालाच लेव्हल समजतो. कुठं अर्धा किल्ला पाण्यात, कुठं पाय टेकायला जमीनच नाही, कुठं काहीच नाही. वर आकड्याच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं, का ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

आपल्या टीव्ही गेममधे हे होऊ शकतं कारण तो फॅमिकॉमच्या घराण्यातला आहे. अमेरिकेतल्या निन्टेन्डोत एक कुलूपवाली चिप होती, ती कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत बोलत राहते आणि कॅसेट ओढली की मशीन रीसेट करत बसते, तिथं हा खेळ जमत नाही. पण करू नका. खरंच करू नका. चालू मशीनमधे कॅसेट घालताना पिना वाकड्या टेकल्या की शॉर्ट होऊ शकतं. मी सातवीत असताना एक टीव्ही गेम असाच मारला आणि घरी सांगितलं की व्होल्टेज आलं होतं. हे आई वाचत असेल तर सॉरी.

प्रश्न: '९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट आहे. मोजून बघितलं तर गेम पंचवीस-तीसच, पुढं तेच तेच. पण अगदी तेच पण नाही, मारिओ पहिल्या पानावर साधा आहे आणि पाचव्या पानावर दुसऱ्याच वर्ल्डपासून चालू होतो. शिवाय दुसरी एक कॅसेट आहे जिच्यावर नुसतं टँकचं चित्र, ती लावली की टँक लागतो, पण रीसेट दाबलं की दुसराच गेम! (इचलकरंजी)

पहिल्या कॅसेटचं सोपं आहे. ९९९९ हा आकडा स्टिकर छापणाऱ्याच्या मनातला. जुने गेम होतेच बारीक, मारिओ सगळा मिळून ४० किलोबाइट, आज तुमच्या मोबाईलवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. मग एका चिपवर पंचवीस-तीस गेम बसवायचे आणि मेनूची यादी लांबवायची. पण नुसतं तेच नाव परत टाकलं तर गिऱ्हाईक ओरडणार, म्हणून या लोकांनी डोकं लावलं, मेनू गेम सुरू करून देताना आधीच मेमरीत एखादा आकडा पेरून ठेवतो, किंवा गेमच्या दोन-चार बाइट बदलून ठेवलेल्या असतात, मग तोच मारिओ दुसऱ्या वर्ल्डपासून, तोच टँक दहाव्या स्टेजपासून. खऱ्या कंपनीनं ही सोय दिली नव्हती, चोरांनी दिली! मला तर हे आवडायचं. आमच्या गल्लीत पुढची लेव्हल कशी दिसते ते बघायचा हा एकच मार्ग होता, कारण सहाला लाईट जायची आणि सेव्ह वगैरे भानगडच नव्हती.

दुसरी कॅसेट मात्र जपून ठेवा, ती मेनू नसलेली कॅसेट आहे. रीसेट दाबलं की प्रोसेसरचा ठोका क्षणभर थांबतो, आणि कॅसेटमधलं एक साधं सर्किट ते ओळखून मोजणी एकनं पुढं सरकवतं, मग चिपमधला पुढचा गेम समोर येतो. स्वीच बंद करून चालू केलं की परत पहिला. म्हणजे सहज एकच गेम समजून कुणी वर्षानुवर्षं टँकच खेळत बसलं असेल, कारण स्टिकरवर टँकचंच चित्र. दाबत जा, चार झाले की बहुतेक फिरून पहिला येईल.

उघडून बघायची असेल तर आपल्याकडच्या कॅसेटी साध्या स्क्रूच्या नायतर नुसत्या खटक्याच्या असतात. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा गोळा दिसेल, तो खरवडू नका, चिप त्याच्या खालीच असते, उघडीनागडी.

प्रश्न: लहानपणी आमच्याकडं टीव्ही गेम होता. आता लॅपटॉपवर तोच मारिओ डाउनलोड करून खेळतोय तर तो फार पळतोय, गाणंपण घाईघाईत वाजतं. वय झालं का माझं? (सध्या दुबई, मूळ सांगली)

वय झालं असेल ते वेगळं, पण मारिओ खरंच हळू होता. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रं. जपान आणि अमेरिकेत ६०. मारिओ त्या ६० च्या हिशोबानं लिहिलेला, प्रत्येक चित्रामागं एक पाऊल असं. आपल्या टीव्ही गेममधे तोच प्रोग्रॅम ५० नं चालला, म्हणजे तिथं जे एका मिनिटात व्हायचं त्याला आपल्याकडं ७२ सेकंद. गाणं पण चित्रांच्याच तालावर वाजतं म्हणून तेही संथ, पण सूर फारसा खाली गेलेला नाही म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही काही चुकतंय ते. युरोपात पण ५० च, पण तिथं निन्टेन्डोनं स्वतः विकलेल्या मारिओत ही भरपाई करून दिली होती, आपल्याला कोण करून देणार, आपली कॅसेट कुठल्या कारखान्यातून आली ते तिलाच माहीत नव्हतं.

इम्युलेटरच्या (म्हणजे लॅपटॉपवर जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधे पाल किंवा डेंडी असं काहीतरी असेल, ते लावून बघा. डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकली मशीनचं नाव, आपल्या टीव्ही गेमच्या जवळचं तेच. लावलं की एकदम मे महिन्याची सुट्टी.

प्रश्न: निन्टेन्डोचा जुना गेमबॉय (हातात धरून खेळायचं मशीन) घेतला. चालू केला की वरून निन्टेन्डो असं नाव खाली येतं ना, तिथं नुसता काळा पट्टा येतो आणि सगळं तिथंच थांबतं. विकणारा म्हणतो 'हा स्पेशल मोड आहे.' (अकोला)

स्पेशल मोड म्हणे! त्याला माझा नमस्कार सांगा.

गेमबॉयच्या आत २५६ बाइटचा एक छोटा प्रोग्रॅम असतो जो सगळ्यात आधी चालतो. तो वरून जे नाव खाली आणतो ते स्वतःजवळचं नाही, कॅसेटमधून वाचलेलं असतं. ४८ बाइट. मग तो ते स्वतःजवळच्या नावाशी ताडून बघतो, जुळलं तर पुढं, नाही जुळलं तर तिथंच ठप्प. यामागं डोकं कायद्याचं होतं, परवानगीशिवाय कॅसेट बनवायची तर तुम्हाला आतमधे निन्टेन्डोचं नाव घालावंच लागणार, आणि घातलं की ट्रेडमार्क चोरला म्हणून धरता येणार.

तुमच्याकडं काळा पट्टा येतोय म्हणजे कॅसेटकडून काहीच वाचता येत नाहीये, काहीच नसलं की सगळे ठिपके काळे येतात. कॅसेट न लावता चालू करा, हाच पट्टा दिसेल. नावाची अक्षरं मोडकीतोडकी, खाल्ल्यासारखी दिसली तर थोड्याच पिना टेकत नाहीत. दोन्हीचा अर्थ एकच, घाण. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, आयपीए म्हणून मागा, कान साफ करायच्या काडीला लावून कॅसेटच्या पिवळ्या पट्ट्या पुसा, काडी काळी होणं थांबेपर्यंत. मग पूर्ण वाळू द्या. खोडरबर घासायचा सल्ला बरेच देतात, मी देत नाही, त्यानं वरचा मुलामा झिजतो.

आणि हो, फुंकर. याच ढिगातल्या सात पत्रांत फुंकर मारावी का असं विचारलंय. नका मारू. फुंकरीनं जे चालू व्हायचं ते फुंकरीनं नाही, काढून परत घातल्यानं व्हायचं. फुंकरीबरोबर थुंकी जाते आणि पिना गंजतात. मीपण मारायचो, आणि वर शर्टला पुसायचो.

प्रश्न: लंडनहून मावसभावानं सेगा मेगाड्राईव्ह आणि 'सॉनिक ३डी' ची कॅसेट दिली. धाकट्यानं खेळता खेळता मशीनला गुडघा मारला, गेम अडकायच्या ऐवजी एक स्क्रीन आली जिथून कुठलीपण लेव्हल निवडता येते! परत केलं तर परत तेच. आता तो रोज कॅसेटला बुक्की मारतो. (ठाणे)

हाहा. धाकट्याला सांगा की त्यानं जे गुडघ्यानं शोधलं ते लोकांना वीस वर्षं कळलं नव्हतं का होतं ते.

हा गेम १९९६ चा, इंग्लंडच्या ट्रॅव्हलर्स टेल्स कंपनीनं सेगासाठी केलेला. त्याचा प्रोग्रॅमर जॉन बर्टन, त्यानं २०१७ मधे स्वतःच सांगितलं की काय केलं होतं. कुठलाही गेम विकायच्या आधी सेगाकडं तपासणीला जायचा, तिथले लोक तासन् तास खेळायचे आणि कुठं अडकला की नापास, दुरुस्त करा, परत पाठवा, यात आठवडे जायचे. मग या पठ्ठ्यानं असं केलं की गेममधे कुठंही काहीही चूक झाली, प्रोसेसरला कळेनासं झालं की आपण कुठं आहोत, की तो मरायच्या ऐवजी लपवलेल्या लेव्हल निवडायच्या स्क्रीनवर जाईल. तपासणाऱ्याला वाटणार अरे वा, चीट सापडला. बंद पडणं हाच चीट करून टाकला! पोरानं गणिताच्या पेपरात उत्तर चुकल्यावर खाली 'चित्रकला' लिहावं तसं आहे हे.

त्यामुळं मशीनला धक्का बसला, कॅसेटच्या पिना क्षणभर सुटल्या, प्रोसेसरनं कचरा वाचला, गोंधळला, आणि ती स्क्रीन आली. कॅसेट बरोबर आहे, मशीन बरोबर आहे. बुक्की मात्र थांबवा, मेगाड्राईव्हचा सॉकेट आता तिशीच्या घरात आहे, त्याच्या पिना ढिल्या झाल्या की मग खरंच रोज बुक्की मारावी लागेल.

बुक्की न मारता लेव्हल निवडायच्या असतील तर त्यांच्याकडं 'सॉनिक २' आहे का विचारा. ऑप्शनमधे साउंड टेस्ट असतो, तिथं १९, ६५, ०९, १७ हे आवाज ओळीनं वाजवायचे, मग परत टायटलवर येऊन ए धरून स्टार्ट. १९६५, ९वा महिना, १७ तारीख, ही प्रोग्रॅमर युजी नाका यांची जन्मतारीख.

प्रश्न: नकली कॅसेट आहे हे गेमला कळतं का? (न्यू जर्सी, मूळ कोल्हापूर)

बहुतेकांना नाही, नायतर आपलं सगळं बालपण काळ्या स्क्रीनसमोर गेलं असतं. पण काही गेम डांबरट असतात. सुपर निन्टेन्डोवरचा 'अर्थबाउंड', अमेरिकेत १९९५ मधे आला. तो बघतो की कॅसेटमधे सेव्ह करायची मेमरी किती आहे. नकला करायच्या यंत्रात ती जास्त असायची. जास्त दिसली की आधी नुसती ताकीद देतो. ती कुणी काढून टाकली तर गप्प बसतो, पण रस्त्यात शत्रू वाढवतो, एवढे की माणूस कंटाळून सोडून देईल. तरी कुणी चिकाटीनं शेवटापर्यंत गेलाच, तर शेवटच्या लढाईत मधेच अडकतो, आणि परत चालू करून बघावं तर सगळ्या सेव्ह गायब. चाळीस-पन्नास तास खेळू देऊन मग. इतका खुनशीपणा मी फक्त भाऊबंदकीत बघितलाय.

तुमच्या तिकडं रविवारच्या बाजारात मिळणाऱ्या नव्या कोऱ्या 'अर्थबाउंड'मधून हे बहुतेक काढलेलं असतं, पण स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारू नका.

प्रश्न: कॉन्ट्राचा तीस लाइफचा कोड माझ्या टीव्ही गेमवर लागतच नाही. (लातूर)

रिमोटवर चार बटणं असतील, दोन साधी, दोन टर्बो. तुम्ही टर्बोवाली दाबताय. टर्बो एका दाबात दहादा दाबल्यासारखं करतं, कोड मोडतो. टायटलवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं, मग साधं बी, साधं ए, स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. आधी गेम चालू करून लाइफ मोजा, पायरेटेडमधे कधीकधी तीस आधीच दिलेल्या असतात. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं 'ग्रेडियस' फॅमिकॉमवर आणताना स्वतःसाठी घातला होता, कारण टेस्ट करताना त्यालाच तो गेम जमेना. २०२० मधे गेला बिचारा.

प्रश्न: गेमबॉयची पोकेमॉन रेड घेतली. भाच्यानं कुठल्याशा म्हाताऱ्याशी बोलून, मग एका बेटाच्या काठावर पोहून, चौकोनी ठिगळासारखा पोकेमॉन काढला, आणि बॅगेतली सहावी वस्तू एकाची एकदम १२९ झाली. गेम खराब झाला का? (औरंगाबाद)

तो मिसिंगनो. पोकेमॉनच नाही तो, रिकामा नंबर आहे. तो म्हातारा पोकेमॉन कसा पकडायचा ते दाखवतो, त्या वेळी खेळाडू म्हणून त्याचं नाव दाखवायचं म्हणून गेम तुमचं नाव तात्पुरतं दुसरीकडं ठेवतो, आणि कुठं ठेवतो, तर 'इथल्या गवतात कुठले पोकेमॉन आहेत' या यादीच्या जागेत. एरवी गवत असलेल्या पुढच्या रस्त्याला लागलं की तिथली यादी त्यावर लिहिली जाते. पण सिनाबार बेटाला गवतच नाही, यादीच नाही, आणि त्या बेटाच्या उजव्या काठाचं पाणी चुकून गवताची यादी वाचतं. म्हणजे तुमच्या नावाची अक्षरं पोकेमॉन बनून येतात! वेगळं नाव, वेगळे पोकेमॉन.

१२८ कसे वाढले, तर नवा पोकेमॉन दिसला की गेम वहीत त्याच्या नंबरासमोर टिक करतो. याचा नंबर शून्य. शून्यातून एक वजा, झाले २५५, आणि २५५ वी टिक वहीच्या बाहेर, थेट बॅगेतल्या सहाव्या वस्तूच्या आकड्यावर पडते, त्याच्या सगळ्यात वरच्या बिटवर, ज्याची किंमत १२८. एवढंच. नुकसान फक्त हॉल ऑफ फेमचं (गेम जिंकल्याच्या नोंदीचं) होतं, मिसिंगनोचं चित्र मोठं असल्यानं सांडतं आणि तिथं कचरा दिसायला लागतो. बाकी खेळ चालू द्या. सहाव्या जागी रेअर कँडी (पोकेमॉनची लेव्हल वाढवणारी गोळी) ठेवली होती ना त्यानं? ठेवलीच असणार.

प्रश्न: दादा, मीपण सेकंडहँड पोकेमॉन रेड घेतली. आत आधीच्या मालकाची सेव्ह आहे, १३८ तासांची. त्यातल्या ग्रोलिथ नावाच्या कुत्र्यासारख्या पोकेमॉनचं नाव 'मोती' ठेवलंय. मला नव्यानं खेळायचंय पण पुसायला हात होत नाही. काय करू? (रत्नागिरी)

मोती म्हणजे माणूस आपलाच.

आधी हे समजून घ्या की ही सेव्ह तशी पण जाणार आहे. या कॅसेटीत सेव्ह टिकते ती आतल्या बटणासारख्या सेलच्या जोरावर, कॅसेट १९९८ ची, असे सेल पंधरा-वीस वर्षं जातात, तुमचा अजून जिवंत आहे हेच नवल. सेल संपला की एक दिवस चालू कराल आणि 'न्यू गेम' शिवाय काही दिसणार नाही. आणि नवा घालायला जुना काढला की त्याच क्षणी सगळं पुसलं. दुरुस्तीवाल्याकडं दिलीत तर तो विचारणार पण नाही. (बदलताना पत्र्याचे कान जोडलेला सेल घ्या, नंबर जुन्यावर छापलाय तोच, आणि थेट सेलला सोल्डर लावू देऊ नका, फुटतो.)

टायटलवर वर, सिलेक्ट आणि बी एकदम दाबू नका, तो सेव्ह पुसायचा लपवलेला मोड आहे, पोरं चीट समजून दाबतात.

करायचं असं. एखाद्या मित्राकडं दुसरा गेमबॉय आणि रेड, ब्लू नायतर यलो असेल, लिंक केबल (दोन गेमबॉय जोडायची वायर) असेल, तर मोतीला तिकडं ट्रेड करा, म्हणजे अदलाबदलीत पाठवा. मग निवांत सेल बदला, नवा खेळ सुरू करा, आणि ट्रेड करायची सोय उघडली की मोतीला परत घ्या. त्याच्या माहितीत मूळ मालकाचं नाव तसंच राहतं. आणि लॅव्हेंडर गावात जो नाव बदलून देणारा माणूस आहे ना, त्याच्याकडं मोतीला घेऊन गेलात तरी तो नाव बदलून देणार नाही, दुसऱ्यानं पाळलेल्या पोकेमॉनचं नाव तो बदलत नाही.